जुने लोखंड आणि जवसाचे तेल



लोखंडाला गंज चढतो ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्याविषयी कोणी विचारलेच तर आपण सहज म्हणून जातो, "लोखंडच ते, गंजायचंच!" पण खरोखर आपण सगळेच लोखंड गंजू देतो का? नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, तिफणीचे फण यांकडे पाहा. काम संपले की कोणताही जाणता शेतकरी ते पुसतो, त्यांवरून तेलाचा बोळा फिरवतो आणि मगच ते माळवदाखाली अडकवून ठेवतो. म्हणजे गंज टाळता येतो हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. फक्त ही काळजी औजारांपाशी थांबते. वाड्याचे फाटक, सज्जाचा कठडा, खिडकीचे गज, शाळेचे जुने दार यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही.

आपल्या परभणी जिल्ह्यात सेलू, मानवत, पाथरी, गंगाखेड अशा जुन्या बाजारपेठांच्या गावांतून कधी सावकाश फिरून पाहा. जुन्या घरांच्या खिडक्यांना लोहाराने ऐरणीवर ठोकून घडवलेले गज दिसतात, दारांना भरभक्कम कड्या-कोयंडे दिसतात, माडीच्या सज्जाला वेलबुट्टीचे कठडे दिसतात. ही कामे आज दोन वाटांनी नाहीशी होत आहेत. काही ठिकाणी ती गंजून गळून पडतात. काही ठिकाणी घर पाडताना किंवा दुरुस्त करताना ती भंगारवाल्याच्या काट्यावर जातात. शंभर वर्षांची कारागिरी किलोच्या भावाने विकली जाते आणि तिच्या जागी पत्र्याच्या पोकळ नळ्यांचे नवे फाटक येते. ते आतून गंजू लागते तेव्हा बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून आज मी एका जुन्या आणि साध्या उपायाविषयी बोलणार आहे. त्याचे मूळ आपल्याच रब्बीच्या रानात निळ्या फुलांनी डोलत असते. तो उपाय म्हणजे जवसाच्या तेलात कालवलेला रंग.

प्रथम लोखंडाची ओळख करून घेऊ. आपण सरसकट ज्याला लोखंड म्हणतो त्याचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिले बीड, म्हणजे ओतीव लोखंड. ते साच्यात ओततात. ते कठीण असते, पण घणाचा घाव बसला की तडकते. दुसरे घडीव लोखंड. ते तापवून, ठोकून आकाराला आणतात. त्याच्या अंगात धातुमळाचे बारीक तंतू असतात, त्यामुळे ते लाकडासारखे रेषारेषांचे असते. तिसरे पोलाद. १८५६ मध्ये बेसेमरची पद्धत निघाल्यानंतर पोलाद स्वस्त होत गेले आणि आजचे आपले गज, पत्रे, नळ्या सगळे त्याचेच आहेत. घडीव लोखंड आता व्यापारासाठी जवळजवळ कोणी बनवीत नाही. इंग्लंडमधली त्याची शेवटची मोठी भट्टी १९७३ च्या सुमारास थंडावली. तेव्हा वाड्याचा घडीव कठडा एकदा भंगारात गेला, की तसे लोखंड बाजारातून पुन्हा विकत आणता येईल अशी आशा धरू नये.

आता गंज म्हणजे काय? लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू या तिघांची गाठ पडली की गंज तयार होतो. तिघांपैकी एकाला दूर ठेवले की तो थांबतो. आपल्याकडची हवा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, म्हणून कोकण किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेपेक्षा मराठवाड्यात लोखंड पुष्कळ टिकते. परंतु पावसाळ्याचे चार महिने, हिवाळ्यातले दव, आणि जिथे पाणी किंवा ओली माती साचून राहते त्या जागा एवढे गंजाला पुरते. गंजाची दुसरी खोड अशी, की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. दगडात रोवलेला गज बुडाशी गंजला की तो फुगतो आणि बाजूचा दगडही फोडतो. म्हणून एखाद्या जुन्या पायरीला किंवा चौकटीला चीर गेलेली दिसली, तर तिथे रोवलेल्या लोखंडाकडे आधी पाहावे.

येथे कोणी विचारील, की दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे, त्याला कुठे कोण रंग देतो? प्रश्न रास्त आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभाचा बारकाईने अभ्यास केला. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर तयार होऊन तोच आतल्या धातूचे रक्षण करतो, असे त्यांनी दाखवून दिले. आपल्या फाटकाच्या लोखंडाला हे वरदान नाही. त्याला संरक्षक थर बाहेरूनच द्यावा लागतो.

तो थर तेलाने कसा मिळतो, हे कळण्यासाठी एक प्रयोग सांगतो. शिक्षकबंधू आणि भगिनींनी तो वर्गात अवश्य करून पाहावा. खर्च काही नाही. काचेची एक पट्टी घ्या. तिच्यावर शेंगदाण्याच्या तेलाचा, करडईच्या तेलाचा आणि जवसाच्या तेलाचा एकेक थेंब बोटाने पातळ पसरा. पट्टी धुळीपासून जपून उजेडात ठेवा आणि मुलांना रोज हात लावून पाहायला सांगा. आठवडाभराने शेंगदाण्याचे तेल होते तसेच ओले राहील. करडईचे तेल चिकट होऊन सावकाश आळू लागेल. जवसाच्या तेलाची मात्र पातळ, चिवट साय झालेली असेल. करडई ही आपल्या परभणीची ओळख. येथील कृषी विद्यापीठाचे 'परभणी कुसुम' हे वाण सर्वांना माहीत आहे. करडईचे तेलही सुकणाऱ्यांपैकीच आहे, पण या कामात जवस तिच्या पुढे आहे.

जवसाचे तेल सुकते म्हणजे त्यातले पाणी उडून जाते असे नव्हे, कारण त्यात पाणी नसतेच. ते हवेतला प्राणवायू घेते. या तेलात लिनोलेनिक आम्ल साधारण निम्म्याच्या वर असते. प्राणवायूमुळे त्याचे कण एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचे घट्ट कातडे बनते. त्यामुळे सुकताना त्याचे वजन घटण्याऐवजी वाढते. कच्चे तेल सुकायला चार-सहा दिवस घेते. ते तापवून त्यात मँगेनीजसारखे धातूंचे क्षार घातले, की ते एक-दोन दिवसांत सुकते. यालाच उकळलेले तेल म्हणतात आणि आपले रंगारी त्याला 'बेलतेल' म्हणतात. येथे एक सूचना. जवसाची चटणी आपण आवडीने खातो, घाण्याचे ताजे तेलही काही घरांतून खातात. पण रंगाचे बेलतेल पोटात जाता कामा नये. त्याचा डबा स्वयंपाकघरात ठेवू नये आणि त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे.

नुसत्या तेलाचा थर उन्हाने लवकर झिजतो. म्हणून त्यात रंगाची पूड घोटतात. लोखंडासाठी सर्वांत सोयीची पूड म्हणजे हिरमजी. ही स्वतःच लोखंडाचे एक भस्म आहे, म्हणून ती उन्हाने विटत नाही आणि विषारीही नाही. काळा रंग हवा असेल तर काजळीची पूड चालते. पूर्वी पहिला हात शेंदराचा देत. शेंदूर हे शिशाचे भस्म आहे. तेलाशी त्याचे उत्तम जमते आणि गंज रोखण्यात तो फार गुणकारी असतो, पण तो विषारी आहे. त्याविषयी पुढे सांगतो.

जगातली मोठमोठी लोखंडी कामे याच तेलावर उभी राहिली. स्कॉटलंडमधला फोर्थ नदीवरचा रेल्वेपूल १८९० साली पुरा झाला. त्याच्या पोलादाला आधी उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात, मग शेंदराचे अस्तर आणि त्यावर हिरमजीसारख्या रंगाचे हात दिले होते. पॅरिसचा १८८९ सालचा आयफेल मनोरा घडीव लोखंडाचा आहे आणि तो साधारण दर सात वर्षांनी पुन्हा रंगवला जातो. आपल्या देशात रेल्वेच्या पुलांच्या गर्डरांना शेंदराचे अस्तर आणि वर हिरमजी रंग देण्याची रीत कित्येक दशके चालली. मनमाडहून परभणी-पूर्णा मार्गे हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. तांबूस रंगाचे लोखंडी पूल त्या मार्गाने प्रवास करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आजही असतील. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे बांधकाम १८७८ ते १८८८ या काळात झाले. त्यातले शोभिवंत लोखंडी आणि पितळी कठडे, तिकीटघरांच्या जाळ्या, मोठ्या जिन्याचे कठडे ही तिथल्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांची कामे आहेत. २००४ साली ही इमारत जागतिक वारशाच्या यादीत गेली. कठडा हा शोभेचा आणि स्मृतीचा ठेवा असू शकतो, हे त्यावरून ध्यानात यावे. त्याच मुंबईत १८६७ ते १८६९ च्या दरम्यान उभारलेले वॉटसन हॉटेल हे ओतीव लोखंडाच्या सांगाड्याचे. १८९६ साली ल्युमिएर बंधूंचे चित्रपट हिंदुस्थानात प्रथम तिथेच दाखवले गेले. त्या इमारतीची पुढे आबाळ झाली आणि २०१८ साली तिच्या सज्जाचा भाग कोसळला.

आता कोणी म्हणेल, "अहो, बाजारात चकचकीत ऑइलपेंट मिळतो, चार-सहा तासांत सुकतो. हा आठवडाभर सुकणारा रंग कोण लावत बसणार?" शंका योग्य आहे, तेव्हा दोहोंची तुलना करू. आजचे चांगले रंग चांगलेच आहेत. फोर्थच्या पुलालाही २०११ पर्यंत चाललेल्या मोठ्या दुरुस्तीत नवा, काचेच्या पापुद्र्यांचा इपॉक्सी रंग दिला आणि तो पंचवीस वर्षे टिकावा अशी अपेक्षा आहे. पण त्यासाठी जुना रंग वाळूसारख्या कणांच्या माऱ्याने काढून लोखंड पार उघडे, लख्ख करावे लागले. मुद्दा हाच आहे. आपल्या गावात तशी यंत्रे नाहीत आणि नाजूक घडीव कामाला तो मारा सोसतही नाही. आपल्या हाती तारेचा ब्रश आणि काचकागद. त्यांनी घासलेल्या लोखंडाच्या खाचाखोचांत थोडा घट्ट गंज उरतोच. अशा पृष्ठभागावर जवसाचे तेल सावकाश झिरपते, सांध्यांत आणि रिव्हेटांखाली शिरते आणि उरलेल्या गंजाला भिजवून धरते. झटपट सुकणाऱ्या रंगाला एवढी सवड नसते. तो वरच्यावर ताणून बसतो, उन्हाळ्यात लोखंड तापून-निवून फुगते-आक्रसते तसा तडकतो, आणि एकदा भेग पडली की पाणी आत जाऊन खपलीखाली गंज वाढत राहतो. वरून फाटक चकचकीत, आत पोखरलेले!

तेलाचा रंग म्हातारा होतो तो निराळ्या रीतीने. त्याच्या खपल्या निघत नाहीत. ऊन त्याचा वरचा थर थोडाथोडा झिजवते आणि हात फिरवला तर बोटाला रंगाची भुकटी लागते. हीच त्याची सूचना. तेव्हा सगळे खरवडून काढण्याची गरज नसते. धूळ पुसायची, तेलाचा पातळ बोळा फिरवायचा, किंवा रंगाचा एक हात द्यायचा. काम लहान, पण ते वेळच्या वेळी झाले पाहिजे. जो हा नेम पाळू शकत नाही, त्याने या रंगाच्या वाटेला न जाणे बरे.

या रंगाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो पाण्याच्या टाकीला किंवा सतत ओल्या जागेला उपयोगी नाही. ताज्या चुन्याला आणि सिमेंटला तो चालत नाही, कारण त्यांच्या क्षाराने तेलाचा साबण होतो. जाड थर दिला तर वरची साय आधी सुकते, आतले ओलेच राहते आणि सुरकुत्या पडतात. सुकेपर्यंत त्यावर धूळ बसू न देणे हेही एक कामच आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तिच्यासाठी शाळांच्या शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. जुन्या फाटकावर, खिडकीवर जे रंगांचे थर आहेत त्यांत शिसे आहे असेच धरून चालावे. आपल्या देशात २०१६ च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाला दहा लाख भागांत ९० भाग एवढी मर्यादा घातली आणि ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगांत ते कितीतरी अधिक असू शकते. शिशाची धूळ लहान मुलांच्या पोटात गेली तर त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि ती हानी भरून निघत नाही. पॅरिसच्या मनोऱ्याचे रंगकामसुद्धा २०२१ साली जुन्या थरांतील शिशामुळे थांबवावे लागले होते. म्हणून चार नियम पाळावेत. शाळेचे काम सुट्टीतच करावे आणि मुलांकडून रंग खरवडून घेण्याचे श्रमदान कधीही करवू नये. जुना रंग कोरडा घासू नये; पाणी शिंपडून, ओला ठेवून खरवडावा, आणि ग्राइंडर तर लावूच नये. रंग जाळून काढू नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. खाली जाड कापड अंथरून सगळ्या खपल्या गोळा कराव्यात, ओल्या फडक्याने जागा पुसावी, तोंडाला चांगला मुखपट्टा बांधावा, आणि काम झाल्यावर हात-तोंड धुऊन, कपडे बदलूनच जेवायला बसावे. जो जुना रंग घट्ट बसला आहे तो खरवडण्याची गरजच नाही. त्यावर नवा हात द्यावा, म्हणजे शिसे खालीच दडून राहते.

आता कृती. प्रथम बुडाकडे पाहा. गजाच्या पायाशी साचलेली माती, पाला काढा आणि पाणी वाहून जाईल असा उतार करा. निम्मा गंज या एका कामाने थांबतो. मग सुटा गंज तारेच्या ब्रशने आणि काचकागदाने काढा. टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून लोखंड उन्हात चांगले कोरडे, कोमट होऊ द्या. पहिल्या दिवशी नुसते तेल, निम्मे कच्चे आणि निम्मे बेलतेल, सांध्यांत कुंचल्याने मुरवा. अर्ध्या तासाने जे वर राहिले असेल ते कोरड्या फडक्याने पुसून काढा. ते सुकल्यावर रंग. दोन किलो हिरमजीला एक ते सव्वा किलो तेल हे प्रमाण लहान कामाला ठीक पडते. पूड दगडावर थोड्या तेलात चांगली घोटून मग पातळ करावी. हा दगड नंतर स्वयंपाकात वापरू नये. रंग कुंचल्याने ताणून, अगदी पातळ लावावा. बोटाला चिकटेनासा झाला, की दुसरा हात, आणि तसाच तिसरा. दोन हातांमध्ये तीन-चार दिवस जावेत. तेल विकत घेताना डब्यावर भारतीय मानकाचा आकडा पाहावा. कच्च्या तेलाला ७५ आणि उकळलेल्या तेलाला ७७ हा क्रमांक आहे.

एक धोका ध्यानात असू द्या. सुकताना हे तेल उष्णता सोडते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला, तर ती उष्णता आतच कोंडून चिंध्या काडी न लावता आपोआप पेटतात. १९९१ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात अशाच चिंध्यांतून एका उंच इमारतीला आग लागली आणि तीत अग्निशामक दलाचे तीन जवान मरण पावले. आपल्याकडे तर जवळच कडब्याची गंजी असते! काम संपताच चिंध्या पाण्याने भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात, किंवा उघड्यावर, वाऱ्यात एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात.

हे सगळे केव्हा करावे? आपल्या पंचांगातच त्याचे उत्तर आहे. खंडेनवमीला आपण औजारे घासूनपुसून पूजतो. त्याच दिवशी घराचे फाटक, गज, कठडे, शाळेचे दार यांनाही एकदा हात लावून पाहावे. कुठे भुकटी सुटते, कुठे तांबूस ओघळ आला आहे, कुठे बुडाशी माती साचली आहे, त्याची खूण करून ठेवावी. मग दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, की रंगाला लागावे. सकाळचे दव उडाल्यावर सुरुवात करून दुपार कलेपर्यंत थांबावे. होळीनंतर लोखंड इतके तापते, की रंग नीट ताणला जात नाही. पावसाळ्यात तर हे काम नकोच.

एवढे केले, तर आजोबांच्या काळातला कठडा नातवाच्या काळापर्यंत सहज उभा राहील. त्यासाठी लागणारे तेल रब्बीच्या पिकातून निघते, रंग मातीसारखा स्वस्त आहे, आणि कुंचला धरणारा हात प्रत्येक गावात आहे. वर्षातून एक सकाळ तेवढी राखून ठेवावी लागते. जुने घर दुरुस्तीला काढाल तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी तो गज एकदा ओल्या फडक्याने पुसून पाहा. त्यावर लोहाराच्या घणाच्या खुणा दिसल्या, तर तो विकू नका. त्याला तेल पाजा.